वास्तुपुरुष किती पुरायचे

चौबळांच्या घरात त्या मार्गशीर्षात दोन चुली झाल्या. थोरला श्यामकांत बायकोला घेऊन अंबरनाथला राहायला गेला, धाकटा भगवंत बदलापुरात राहिला.

झालं सांगून. आता विसरून जायचं, कारण तसं काही घडलेलंच नाही. हवं तर माईंना विचारा. ‘श्यामकांत जरा कारखान्याकडे गेलाय,’ एवढंच त्या सांगतील आणि विषय वांग्यांवर नेतील. माईंच्या शब्दाबाहेर जायची त्या घरात कुणाची छाती नव्हती, आपलीही नको. तेव्हा नव्या घराच्या वास्तुशांतीच्या सकाळपाशी जाऊ.

त्या सकाळी घर एक होतं. निदान माईंना तसं वाटत होतं. अण्णांना ते दोन वाटत होतं, पण अण्णांना काय वाटतं हे घरात बरीच वर्षं कुणी विचारलं नव्हतं. कारण विचारलं की ते सांगत.

अण्णा म्हणजे माईंचे यजमान, रेल्वेचे निवृत्त इंजिनिअर. उभी नोकरी क्वेट्ट्याला गेली. पस्तीस सालच्या भूकंपात ते शहर झोपेतच आडवं झालं, आणि भिंतीत जुने रूळ घालून अण्णांनी बांधलेली रेल्वेची क्वार्टर्स तेवढी उभी राहिली. त्यातल्याच एका क्वार्टरात माई आणि दोन्ही मुलगे झोपलेले होते. तेव्हापासून अण्णांनी एकच ध्यास घेतला, की पुढच्या वेळी कुणी झोपेत सापडता कामा नये. पुढे फाळणी झाली, क्वेट्टा परक्याचं झालं, चौबळ बदलापूरला आले. सामानातलं बरंच काही वाटेत हरवलं. ध्यास हरवला नाही.

बदलापुरात भूकंप झाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. त्यावरून अण्णांनी अनुमान काढलं, की तो व्हायचा राहिला आहे. त्यातच त्या पावसाळ्यात, नेमका पंधरा ऑगस्टला, आसामात प्रचंड भूकंप झाला. मग तर अण्णांना आवरणं कठीण झालं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात बराकीबराकीतून त्यांनी व्याख्यानं दिली. माळ्यावर पाटा-वरवंटा ठेवू नका. कपाटं भिंतीला बांधा. दारं बाहेर उघडू द्या. दार-खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर एक पक्का पट्टा फिरवा, बाळाच्या कमरेला करगोटा असतो तसा. सिंधी मंडळी मुकाट ऐकून घेत. पायाखालची जमीन जाऊ शकते, हे त्यांना पटवावं लागत नव्हतं.

बारवी नदीच्या बाजूच्या एका वाडीवर मात्र घोटाळा झाला. तिथली कुडाची घरं पाहून अण्णा हरखून गेले. ‘‘फर्स्ट क्लास! हलकी, लवचीक! भूकंपाला याहून चांगलं घर मीही बांधणार नाही. विटांच्या नादी लागू नका.’’ इंजिनिअरसाहेब आलेत म्हणजे विटा मिळतील, या आशेनं सगळी वाडी जमली होती. त्यातला भीमा म्हणाला, ‘‘मंग तुमीच ऱ्हावा हितं. आमी जाताव तुमचे घरान.’’

अण्णांनी त्याला नव्या घराच्या कामावर घेतलं.

घर काटकोनी होतं. अण्णांचं म्हणणं असं, की काटकोनी घर हललं की त्याच्या दोन बाजू दोन तालांत हलतात आणि कोपऱ्यात एकमेकींना फोडून काढतात. म्हणून त्यांनी घर कोपऱ्यातच कापलं. दोन भिंती शेजारी शेजारी, मध्ये जोत्यापासून छपरापर्यंत दोन इंची फट. छपरं वेगळी. वरून पावसासाठी पत्र्याची टोपी, तीही एकाच बाजूला ठोकलेली. दोन बाजूंमधल्या बोळात पाय अडकू नये म्हणून फटीवर सुटी फळी. पूर्वेच्या बाजूला स्वयंपाकघर आलं आणि श्यामकांत-सुनंदा आली. उत्तरेच्या बाजूला देवघर आलं आणि भगवंत-गोदू आली. म्हणजे एका सुनेला चूल, दुसरीला देव. नकाशा काढताना अण्णांनी सगळ्या भिंतींची वजनं काढली होती. सुनांची काढायची राहिली.

माईंना धास्ती होती ती वेगळीच. श्यामकांत मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात ऑफिसर होता आणि कारखाना त्याला अंबरनाथला क्वार्टर देत होता. त्यानं घरी अजून हूं की चूं केलं नव्हतं. पण सुनंदा पडदे शिवत होती, आणि त्या मापाची खिडकी या घरात नव्हती. माईंनी ओळखलं. त्यांनी सगळी भिस्त वास्तुशांतीवर ठेवली. एकदा वास्तुपुरुष जमिनीत गेला, की घराला मुळं फुटतात. मग माणूस असा सहज उठून जात नाही. तेवढा दिवस धड पार पडायला हवा होता.

भटजींनी शेवाळ, सप्तधान्य, पंचरत्न सगळं मांडून घेतलं. चांदीचा वास्तुपुरुष ताम्हनात रिवाजाप्रमाणे पालथा निजवला. खड्ड्याकडे निघाले आणि त्यांचा पाय फळीवर पडला. फळी डुगडुगली.

‘‘हे काय?’’

‘‘जॉइंट,’’ अण्णा म्हणाले.

‘‘कशाचा?’’

‘‘न जोडण्याचा.’’

भटजींनी वाकून फटीला डोळा लावला. पलीकडे परसातली केळ दिसत होती. ‘‘म्हणजे भिंती सुट्या?’’

‘‘छप्परही सुटं. दोन स्वतंत्र इमारती आहेत, नुसत्या शेजारी उभ्या.’’ अण्णांना असा श्रोता फार दिवसांनी मिळाला होता.

‘‘मग वास्तुपुरुष दोन लागतील,’’ भटजी सरळ होत म्हणाले. ‘‘मी एकच आणलाय.’’

कालपर्यंत दोन्ही सुना या फटीविरुद्ध एक होत्या. ‘उंदरांना राजरस्ता केलाय अण्णांनी,’ असं सुनंदा म्हणे, आणि ‘वारा तर असा येतो, जसा काही भाडं भरतोय,’ अशी गोदूची पुस्ती असे. माईंना ती कुरकुर गोड लागे. निदान एका सुरात होती. भटजींच्या वाक्यानं सूर फुटला.

‘‘एकच आहे, तर जाणार कुठं तो?’’ गोदूनं विचारलं.

‘‘आग्नेयेला. म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात.’’

‘‘म्हणजे वहिनींच्या बाजूला. आणि आम्ही बिनवास्तूचे! भाडेकरू!’’

‘‘तुझ्याकडे अख्खं देवघर आहे गं,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘तेहतीस कोटी तुझे. माझा एक, तोही पालथा.’’

‘‘दोघींचंही बरोबर आहे,’’ भगवंत मध्ये पडला. तो मुंबईला एका वकिलाकडे कारकून होता आणि भांडण दिसलं की त्याला मिटवून फाईलबंद करावंसं वाटे. ‘‘दोनच पुरू. पुढंमागं कटकट नको.’’

‘‘पुढंमागं म्हणजे कधी, भग्या?’’ श्यामकांतनं विचारलं.

‘‘सहज म्हटलं, दादा.’’

‘‘सहज कुणी वास्तुपुरुष पुरत नाही. मी सांगतो, एकच पुरा आणि तो तिकडे पुरा. मला नकोच.’’

त्यातला ‘नकोच’ माईंच्या काळजात रुतला. ‘‘बुजवा ती फट!’’ त्या एकदम म्हणाल्या. ‘‘भीमा, चुन्याचं घमेलं आण. आत्ताच्या आत्ता बुजव.’’

‘‘अगं, फट बुजवली तर पहिल्या धक्क्याला कोपरा उडेल,’’ अण्णा कळवळून म्हणाले.

‘‘पहिला धक्का बसलाय. आता दुसऱ्याची वाट बघू नका.’’

‘‘जोडून ठेवली की फोडतात गं एकमेकींना. सुटी ठेवली की दोन्ही उभ्या राहतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.’’

‘‘भिंती पाहिल्यात तुम्ही. मी मुलांचं बोलतेय.’’

भीमा घमेलं घेऊन आला आणि एकदा माईंकडे, एकदा अण्णांकडे बघत उभा राहिला. त्याला मजुरी दोघंही देत असत, त्यामुळे निर्णय सोपा नव्हता.

तेवढ्यात दारातून सिंधीत अभिनंदनाची हाक आली, ‘‘भाभी, वाधायूं! लख लख वाधायूं!’’ लोकूमल कॅम्पातून मिठाईचा खोका घेऊन आला होता. क्वेट्ट्यात चौबळांच्या शेजारच्या गल्लीत त्याचं कापडाचं दुकान होतं. भूकंपाच्या रात्री तो माल आणायला सक्करला गेला होता, म्हणून वाचला. घरातलं बाकी कुणी वाचलं नाही. तो त्यावर बोलत नसे. अण्णांचं व्याख्यान मात्र एकही चुकवत नसे, सगळ्यांत पुढे बसे, आणि शेवटी न चुकता विचारे, ‘‘साहब, पहले से पता चल सकता है क्या?’’ अण्णा न चुकता ‘नाही’ म्हणत.

त्याला पाहताच अण्णांना बळ आलं. ‘‘लोकूमल, बरे आलात. यांना वाटतं मी घर तोडलं. आता कवायत घेऊन दाखवतो. शिट्टी झाली की ज्यानं त्यानं जवळच्या दारानं अंगणात यायचं. हातात काही घ्यायचं नाही. एकदा बाहेर आलं की परत आत जायचं नाही. जो बाहेर आला नाही, तो गेला असं धरायचं.’’

‘‘अहो, पूजा खोळंबलीय,’’ भटजी म्हणाले.

‘‘भूकंप मुहूर्त पाहत नाही,’’ असं म्हणून अण्णा अंगणात गेले आणि त्यांनी गार्डाची शिट्टी फुंकली.

पहिला हलला लोकूमल. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही. समोर जो माणूस होता त्याला कंबरेत धरून उचललं आणि तो बाहेर पळाला. समोर भटजी होते. सोवळ्यात होते. ‘‘अरे, सोड! शिवू नको!’’ ही आरोळी अंगणाकडे लांबत गेली. मागोमाग सुनंदा पुरणाचं पातेलं घेऊन पूर्वेच्या दारानं निघाली. गोदू बाळकृष्ण घेऊन उत्तरेच्या दारानं निघाली, भगवंत छत्री घेऊन. श्यामकांत रिकाम्या हातानं निघाला. या घरातून त्याला काही न्यायचंच नव्हतं, असं माईंच्या मनात आलं. शेजारच्या मोतीबाई फक्त बघायला आल्या होत्या, त्याही धावल्या.

माई फळीवर उभ्या होत्या.

जवळच्या दारानं बाहेर पडायचं होतं. उजवीकडे श्यामकांतचं दार, डावीकडे भगवंतचं. दोन्ही सारखीच जवळ होती. अण्णांनी मापं चोख घेतली होती. माईंनी उजवा पाय उचलला, खाली ठेवला. डावा उचलला, तोही ठेवला. फळी एवढी डुगडुगली, की क्षणभर त्यांना वाटलं, खरंच सुरू झालं की काय.

फटीतून अंगणातलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

‘‘कोण राहिलं?’’ अण्णांचा आवाज.

‘‘माई!’’

‘‘माई गेली,’’ अण्णा सरकारी आवाजात म्हणाले. ‘‘पुढे चला.’’

‘‘असं कसं पुढे चला?’’ हे भटजी, बहुधा अजून लोकूमलच्या हातात. ‘‘यजमानीणबाई गेल्या तर सुतक आलं. वास्तुशांत व्हायची नाही.’’

‘‘भटजी, कवायतीतलं मरण आहे ते.’’

‘‘मरण ते मरण. पूजेला शेजारी कोण बसणार तुमच्या?’’

‘‘मग पुरणाचं काय करायचं?’’ मोतीबाईंनी विचारलं. ‘‘सुतकात चालत नाही ना?’’

आपल्या पश्चात काय होतं ते ऐकायचा योग फार थोड्यांना येतो. माईंना आला, आणि पहिलाच प्रश्न पुरणाचा निघाला. त्यांना हसू फुटणार होतं. पण त्याआधी पावलं वाजली, दोन्हीकडून, धावत.

‘‘माई!’’ श्यामकांतनं त्यांचा उजवा हात धरला. ‘‘माई, चल!’’ भगवंतनं डावा धरला. दोघंही आपापल्या दाराकडे ओढू लागले. दोघंही घामाघूम झाले होते, आणि श्यामकांतचा चेहरा अगदी लहानपणचा झाला होता.

‘‘परत आत जायचं नाही!’’ बाहेर अण्णा ओरडत होते. ‘‘नियम आहे! दोघंही गेले! पोरं गेली!’’

हे ऐकून सुनंदा पातेलं खाली ठेवून धावली. गोदूनं बाळकृष्ण मोतीबाईंच्या ओटीत टाकला आणि तीही धावली. बोळ अण्णांनी एका माणसाच्या रुंदीचा केला होता. आता त्यात पाच जण होते. कुणाची कोपरं कुणाच्या बरगड्यांत, कुणाचा पदर कुणाच्या पायाखाली. सुनंदानं गोदूचा खांदा धरला होता आणि सोडायचं विसरली होती. माई कुठल्याच दाराकडे सरकेनात.

फटीतून लोकूमलचा आवाज आला. त्यानं भटजींना कधी खाली ठेवलं ते कळलं नाही.

‘‘जाने दो, साहब. सुना है, क्वेट्टा में भी सब वापस अंदर ही गए थे.’’ मग म्हणाला, ‘‘मैं होता तो मैं भी जाता.’’

शिट्टी पुन्हा वाजली नाही. वहाणा काढल्याचा आवाज झाला आणि अण्णा आत आले. चौबळ कुटुंब अशा तऱ्हेनं समूळ गेलं.

माईंना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी ती संधी साधली. ‘‘आता तरी राहशील ना रे?’’ त्या श्यामकांतला म्हणाल्या.

त्यानं हात सोडला नाही. उलट घट्ट धरला. ‘‘कारखान्याला होय कळवलंय मी, माई. गेल्याच आठवड्यात. सांगायला तोंड होत नव्हतं.’’

‘‘माझं काही चुकलं? गोदूचं?’’

‘‘कुणाचंच नाही गं. भांडून गेलो असतो, तर यायला लाज वाटली असती. असाच जातोय. अंबरनाथ काय, पुढचंच स्टेशन.’’

‘‘पुढचंच,’’ माई म्हणाल्या. क्वेट्टा फार लांब होतं म्हणून गेलं. पुढचं स्टेशन कसं जातं, ते त्यांना आज कळत होतं.

सुतकाचा निकाल भटजींनी दिला, की मयत जर स्वतः येऊन पाटावर बसली तर दोष नाही. दुसऱ्या वास्तुपुरुषाच्या जागी सुपारी चालते, हेही त्यांना आठवलं. मग भांडण परत सुरू झालं, पण उलट्या दिशेनं.

‘‘चांदीचा गोदूकडे पुरा,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘आम्ही काय, चाललो.’’

‘‘अजिबात नाही! मला सुपारी चालेल!’’ गोदू रडू लागली. ‘‘चांदीचा असला तर दादा परत तरी येतील.’’

‘‘रडतेस काय, वेडी! पडदे तुला शिवून देईन.’’

‘‘इथल्या खिडक्या लहान आहेत, वहिनी.’’

‘‘मग अण्णांना मोठ्या करायला सांग.’’

‘‘शक्य नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘भिंत दुबळी होते.’’

शेवटी चांदीचा भगवंतकडे गेला आणि सुपारी श्यामकांतकडे. भीमानं दोन्ही खड्डे बुजवले आणि उरलेला चुना परत नेला. लोकूमल जेवायला बसला, पण दाराजवळच्या पाटावर.

हे सगळं घडलं नाही, हे आपलं ठरलेलंच आहे. त्यामुळे त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी पूर्वेच्या बाजूला शुकशुकाट होता, तोही नव्हता. अण्णा ओटीवर बसून सरकारला पत्र लिहीत होते. ठाणे जिल्ह्यात घरं बांधताना कोणते नियम सक्तीचे करावेत, याबद्दल ते दरमहा लिहीत. सरकारही दरमहा ‘पत्र पोचले’ असं कळवी. दोघांचं चांगलं चाललं होतं.

माई येऊन शेजारी टेकल्या. ‘‘क्वेट्ट्याला घरात परतायला बंदी झाली, तेव्हा रेसकोर्सवर तंबू दिला होता आपल्याला. आठवतो?’’

‘‘भूकंपानंतरचा? गळका होता.’’

‘‘गळकाच होता. दोन पोरं माझ्या दोन कुशींत आणि तुम्ही पायाशी. कूस बदलायची तर चौघांनी मिळून बदलायची. बाहेर सगळं गाव रडत होतं, अन् मी...’’ त्या थांबल्या. ‘‘मला कधी इतकी छान झोप लागली नाही हो. लाज वाटते म्हणून कुणाला बोलले नाही.’’

अण्णांनी टाक दौतीत बुडवला.

‘‘माझाही एक अर्ज लिहा,’’ माई म्हणाल्या. ‘‘एक भूकंप मागायचाय.’’

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नवा कागद घेतला. ‘‘किती तीव्रतेचा?’’

‘‘ताटं वाजतील एवढा.’’

‘‘जीवितहानी?’’

‘‘छे! काहीतरीच काय?’’

अण्णांनी मान डोलावली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहायला घेतलं:

मेहेरबान कलेक्टरसाहेब, जिल्हा ठाणे, यांचे सेवेशी.

विनंती अर्ज ऐसा जे, मौजे बदलापूर येथे अद्याप एकही भूकंप मिळालेला नाही. तरी चालू हिवाळ्यात, शक्यतो रविवारी, मुलगे घरी जेवावयास आलेले असताना, एक सौम्य भूकंप मंजूर व्हावा. धक्का बसल्यावर कोणीही आपापल्या घरी परतू नये असा हुकूम निघावा, व तो लवकर मागे घेऊ नये. अर्जदाराचे कुटुंबास सरकारी साठ्यातून तंबू मिळावा. तंबू गळका असल्यास तक्रार नाही. मात्र तो एकच असावा.